चार कोपऱ्यांतले गाणे

२०२३ च्या चतुर्थीला मामाकडे गेलो होतो. आरती आटोपली, नेवऱ्या खाऊन झाल्या आणि मंडळी सोप्यावर जरा कलंडली, तेव्हा मामाने मला खुणेने आत बोलावले. कपाटाच्या वरच्या खणातून त्याने बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा काढला. मला वाटले जमिनीची कागदपत्रे असतील. सरकारी कारकून भाचा घरात आला की गोव्यात बहुतेक मामांना आधी जमिनीचीच कागदपत्रे आठवतात! पण डब्यात ओळीने लावलेल्या चकचकीत तबकड्या होत्या. मोजून ३४.

मामा २६ वर्षे बहारीनला होता. २००६ साली कायमचा परत आला. बरोबरीच्या लोकांनी सोने आणले, याने आणला एक प्लेअर, एक ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर आणि ढोलाएवढा एक सबवूफर. मामी त्या सगळ्याला अजून 'माझ्या सवती' म्हणते. सालाच्या चार कोपऱ्यांत आणि समोर मधोमध असे स्पीकर मांडून मामा मध्ये खुर्ची टाकून बसायचा, डोळे मिटून. त्या खुर्चीवर दुसऱ्या कोणी बसायचे नाही. आम्ही पोरे हसायचो.

२०१९ साली प्लेअर बंद पडला. म्हापशाच्या दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि लेन्स गेली, हा भाग आता मिळत नाही, असे सांगून परत बंद करून दिला. चार वर्षे त्या तबकड्या डब्यात पडून होत्या.

"बशा आहेत, बाजा नाही," मामा म्हणाला. "तू ऑफिसात दिवसभर कंप्युटर बडवतोस. यातले गाणे बाहेर काढून दे. पण दोन बाजूंचे नको हां बाबा. चारी बाजूंचे पाहिजे."

मी हो म्हटले. साधी सीडी कंप्युटरात घालून गाणी उतरवून घेणे आम्ही सगळ्यांनीच केलेले आहे, एका रविवारचे काम. मंडळी, त्या कामाला आठ महिने लागले. आणि त्या आठ महिन्यांत मी जेवढे वाचले तेवढे खात्याच्या परीक्षेला वाचले नव्हते. या बशांमागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो जितका आवाजाचा आहे तितकाच कुलपांचा आहे. तोच आज सांगायचा आहे.

आवाज चारी बाजूंनी येणे ही आपल्याला काही नवलाई नव्हे. घुमट आरतीत मध्ये उभे राहून पाहा. डाव्या हाताला घुमट, उजवीकडे शामेळ, कानामागे कोणीतरी जीव खाऊन कासाळे वाजवतो आणि माटोळीखालून एखाद्या म्हाताऱ्याचा कापरा आवाज येतो. तीच आरती मोबाईलवर घेऊन नंतर ऐकली की सगळे समोरच्या भिंतीला चिकटवल्यासारखे लागते. आवाज तोच, पण आपण त्याच्या आत नसतो.

ही उणीव प्रथम ज्याला नीट जाणवली तो म्हणजे ॲलन ब्लुमलिन, ईएमआय कंपनीचा इंग्रज इंजिनियर. सिनेमा पाहताना नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडूनच, हे पाहून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरायचे आणि एकाच सुईने दोन्ही उचलायचे, ही युक्ती त्यात होती. स्टिरिओ तबकड्या दुकानात यायला मात्र १९५८ उजाडले. ब्लुमलिन त्याआधीच, १९४२ साली, विमान अपघातात वारला होता.

दोनाच्या पुढे जायची धडपडही जुनीच. वॉल्ट डिस्नेने १९४० साली 'फँटेशिया' काढला तेव्हा लिओपोल्ड स्टोकोव्स्कीचा ऑर्केस्ट्रा प्रेक्षकांच्या सभोवार फिरावा म्हणून 'फँटासाउंड' नावाची खास यंत्रणा बनवली. खर्च इतका की ती मोजक्याच थिएटरांत बसली. पुढे १९५० च्या दशकात आरसीए आणि मर्क्युरी या कंपन्या पाश्चात्य शास्त्रीय संगीत तीन ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित करू लागल्या. डावा, उजवा आणि मधला. पण ऐकणाऱ्याच्या घरी दोनच स्पीकर, म्हणून तबकडी काढताना मधला ट्रॅक दोन्हीकडे वाटून टाकायचे. ते तीन ट्रॅक जसेच्या तसे घरी ऐकायची सोय झाली २००४ नंतर, आरसीएने त्या जुन्या टेपांवरून नव्या तबकड्या काढल्या तेव्हा. वाजवणारे बहुतेक तोवर देवाघरी गेलेले. मामाच्या डब्यात अशा दोन तबकड्या आहेत.

खरा गोंधळ झाला १९७० च्या दशकात. चार स्पीकर, चार आवाज, नाव 'क्वाड्राफोनिक'. प्रश्न असा होता की खाचेला भिंती दोनच, मग चार आवाज बसवायचे कुठे? सीबीएसने 'एसक्यू' पद्धत काढली, जपानच्या सान्सुईने 'क्यूएस'. दोन्हींत चार आवाज एकमेकांत मिसळून दोन करायचे आणि घरच्या यंत्राने ते परत वेगळे करायचे. चार जातींचे धान्य दोन पोत्यांत भरावे आणि घरी येऊन निवडत बसावे, तसला प्रकार. धान्य पूर्ण निवडले जायचे नाही. पुढचा गवई थोडा मागेही ऐकू यायचा.

जेव्हीसीने तिसरी वाट काढली, 'सीडी-४'. हिचा आजच्या सीडीशी काही संबंध नाही. माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या वर, ३० हजार कंपनांच्या आसपास, आणखी एक संदेश त्याच खाचेत कोरायचा आणि त्यातून चारही आवाज वेगळे काढायचे. हुशारी खरी, पण ते उचलायला 'शिबाता' जातीची खास घासलेली सुई लागायची. साध्या सुईने तबकडी वाजवली की ती नाजूक कोरीव नक्षी झिजून जायची. तीन कंपन्या, तीन पद्धती, एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर धड वाजत नाही. गिऱ्हाईक कंटाळले. दशक संपेपर्यंत क्वाड्राफोनिकचा बाजार उठला.

पण बाजार उठला तरी संगीत कुठे जाते? पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमचे चार आवाजांचे मिश्रण ॲलन पार्सन्सने तेव्हा केले होते. ते पुन्हा अधिकृतपणे लोकांच्या हाती आले २०११ साली, म्हणजे ३८ वर्षांनी, एका महागड्या संचात. मधल्या काळात ते ज्यांनी जुन्या टेपा आणि तबकड्या जपल्या आणि त्यांच्या नकला करून ठेवल्या, त्या वेड्यांच्याच घरी होते. आणखी एक गंमत सांगतो. एसक्यूची ती मिसळलेली पोती आज संगणकावर निवडली तर १९७० च्या दशकातल्या घरगुती यंत्रापेक्षा कितीतरी स्वच्छ निवडून निघतात. तबकडीत गाणे होतेच, ते बाहेर काढायची अक्कल नंतर आली. ज्याने तबकडी फेकली नाही त्यालाच ती उपयोगी पडली.

दरम्यान सिनेमाने बाजी मारली. आपल्याकडे १९७५ चा 'शोले' ७० एमएमच्या प्रिंटवर स्टिरिओफोनिक आवाजात आला आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी नाणे पडल्याचा आवाज खुर्चीखाली शोधला, ही दंतकथा तुमच्याही घरी असेल. पुढे १९९२-९३ मध्ये डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस आले, १९९६ साली डीव्हीडी आली आणि '५.१' हा आकडा घरोघर पोहोचला. पाच स्पीकर आणि एक सबवूफर. तेव्हा संगीत कंपन्यांना पुन्हा वाटले, आता जमेल.

इथे कुलपांची कथा सुरू होते. साध्या सीडीला कुलूप नव्हते. १९८२ साली ती निघाली तेव्हा घरी कोणी तिची हुबेहूब नक्कल करील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. डीव्हीडीला मात्र पहिल्या दिवसापासून कुलूप होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये ते निघाले. त्यात नाव गाजले नॉर्वेच्या योन योहानसेन या १५ वर्षांच्या मुलाचे. त्याच्यावर खटला भरला गेला. जानेवारी २००३ मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने त्याला सोडले, डिसेंबरमध्ये अपिलातही तो सुटला. रीतसर विकत घेतलेली डीव्हीडी घेणाऱ्याने स्वतःच्या पद्धतीने उघडून पाहिली तर तो गुन्हा होत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. मामाच्या बशांचा सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे.

पण कंपन्यांनी घ्यायचा तो धडा उलटाच घेतला. नव्या 'डीव्हीडी-ऑडिओ' तबकडीचे आगमन लांबवून तिच्यासाठी आणखी भक्कम कुलूप घडवले आणि मग २००० साली ती बाजारात आणली. सोनी आणि फिलिप्स यांनी त्याआधी १९९९ साली 'सुपर ऑडिओ सीडी', म्हणजे एसएसीडी, काढलीच होती. तिचे कुलूप तर तबकडीच्या अंगातच. डेटा ज्या सूक्ष्म खड्ड्यांत लिहिलेला असतो त्यांच्या रुंदीतच एक अदृश्य खूण दडवलेली. ती खूण वाचणारे यंत्र असेल तरच आतला आवाज उलगडतो. कंप्युटरात घातली तर फक्त वरचा साध्या सीडीचा थर दिसतो, तोही असला तर. खालच्या थरावरचे सहा चॅनलचे गाणे कंप्युटरच्या लेखी अस्तित्वातच नाही.

आणि आत काय होते ते पाहा. डीव्हीडी-ऑडिओत एका सेकंदात ९६ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा, आणि चॅनल सहा. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १ कोटी ३८ लाख बिट होतात. तबकडीची धाव होती ९६ लाखांची. म्हणून इंग्लंडच्या मेरिडियन कंपनीने एकही बिट न गाळता आवाज आवळून बसवायची रीत काढली. एसएसीडीचा हिशेब वेगळा. तिथे नमुना एकाच बिटाचा, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा. मी कला शाखेचा पदवीधर, गणिताशी माझे कधी जमले नाही, पण हे आकडे मांडताना मला खरोखर आनंद झाला. एवढी कारागिरी, आणि ती बाहेर कशी येणार? सुरुवातीच्या प्लेअरांतून डिजिटल आवाज वायरीतून बाहेर द्यायचाच नाही, असा दंडक. म्हणून प्लेअरच्या पाठीला सहा साध्या ॲनालॉग वायरी. मामीच्या 'सवतीं'च्या त्या शेपट्या मी २००६ साली स्वतः जोडल्या होत्या. एवढ्या आधुनिक यंत्राला एवढ्या जुनाट वायरी का, हे कोडे मला १७ वर्षांनी सुटले.

पुढे काय झाले ते १९७० च्या दशकाचीच पुनरावृत्ती. दोन पद्धती, एकीची तबकडी दुसरीच्या प्लेअरवर वाजत नाही. त्यात २००१ साली आयपॉड आला. लोकांना सहा स्पीकर नको होते, खिशात हजार गाणी हवी होती. २००५ साली सोनी बीएमजीने साध्या सीडींवरही नकलेला आळा घालणारे सॉफ्टवेअर घातले. ते गिऱ्हाइकाच्या कंप्युटरात चोरासारखे दडून बसते हे मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने उघड केले आणि कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. पैसे देऊन घेणाऱ्यालाच चोर समजण्याची ती परिसीमा होती. दशकाअखेर डीव्हीडी-ऑडिओ जवळजवळ संपली. एसएसीडी शास्त्रीय संगीताच्या आणि जपानच्या आधाराने तग धरून आहे. पण सगळ्या जातींच्या तबकड्या वाजवणारे प्लेअर बनवण्यात नावाजलेल्या ओप्पो कंपनीने २०१८ साली ते बनवणे थांबवले. कुलूप शाबूत, तबकडी शाबूत, किल्ली बनवणारे मात्र एकेक दुकान बंद करून निघाले.

मग तबकड्या उघडल्या कशा? डीव्हीडी-ऑडिओच्या बाबतीत २००५ च्या सुमारास. तबकडी वाजवणारे रीतसर सॉफ्टवेअर आवाज उलगडत असतानाच तो वाटेत टिपून घ्यायची युक्ती कोणीतरी शोधली. एसएसीडीला आणखी काही वर्षे लागली. २००६ साली आलेल्या प्लेस्टेशन ३ या खेळांच्या खोक्याच्या सुरुवातीच्या मॉडेलांत एसएसीडी वाजवायची सोय होती. नंतरच्या मॉडेलांतून ती काढून टाकली. २०११ साली शौकिनांच्या लक्षात आले की जुने सॉफ्टवेअर शिल्लक असलेल्या अशा खोक्याकडून तबकडीतला मजकूर फाईल म्हणून उतरवून घेता येतो. पोरांचे खेळणे म्हणून विकलेली वस्तू ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात अशी जाऊन बसली.

आता माझ्या पेशाचा भाग. हे कायद्यात बसते का? मी वकील नव्हे, पण नियम वाचण्यात हयात चालली आहे.

हा वाद टेपरेकॉर्डरइतका जुना आहे. जर्मनीने १९६५ च्या कायद्यात तडजोड काढली. घरी नक्कल करा, पण रेकॉर्डर बनवणाऱ्याने कलावंतांसाठी आकार भरावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली, पाचास चार अशा निसटत्या बहुमताने, टीव्हीचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी टेप करणे रास्त ठरवले. १९९९ साली तिथल्याच एका अपील न्यायालयाने, आपली गाणी खिशातल्या यंत्रात हलवणे हा वैयक्तिक वापर आहे असे म्हटले. पण त्याच अमेरिकेने १९९८ साली कुलूप उघडणेच बेकायदा ठरवणारा कायदा केला होता. म्हणजे आतली वस्तू तुमची, दार मात्र उघडायचे नाही! ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये घरगुती नकलेला परवानगी दिली आणि जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये 'रास्त वापरा'ची सवलत आहे. पण २०१२ पर्यंत ती साहित्य, नाटक, संगीतरचना आणि कलाकृती यांनाच होती, ध्वनिमुद्रणाचा त्या यादीत उल्लेख नव्हता. म्हणजे गाण्याचे नोटेशन स्वतःपुरते उतरवून घेतले तर सवलत, आणि त्याच गाण्याची कॅसेट स्वतःपुरती उतरवली तर नाही. आम्ही १९९० च्या दशकात केलेल्या शेकडो कॅसेटींचा हिशेब चित्रगुप्ताने कसा लावला असेल कोण जाणे. २०१२ च्या दुरुस्तीने ती सवलत संगणकाचे प्रोग्राम वगळून 'कोणत्याही कृती'ला लागू केली. खासगी किंवा वैयक्तिक वापर असे स्पष्ट लिहिले, आणि त्या कामासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे म्हणजे उल्लंघन नव्हे, असे स्पष्टीकरणही जोडले.

त्याच दुरुस्तीने कुलपांविषयी कलम ६५-अ घातले. हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतूने' हा शब्द मी तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केला. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडले तर हे कलम आडवे येत नाही. मात्र पुढे एक अट आहे, आणि ती वाचून मी खुर्चीतून उठलो. दुसऱ्याला असे कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कामाचे प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवायची. संसदेने जणू कारकुनांसाठीच हे वाक्य लिहिले! मी तेव्हाच एक लांबट वही आणून रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, नाव, पत्ता, तबकडी, प्रयोजन, सही, शेरा. मामाला सही करायला लावली. प्रयोजनाच्या रकान्यात त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'मला ऐकायला.'

काम असे झाले. एसएसीडी १९, डीव्हीडी-ऑडिओ ११ आणि डीटीएसच्या सीडी ४. खेळांचा तो जुना खोका एका मित्राने माळ्यावर सांभाळून ठेवला होता, तो त्याने दिला. प्रत्येक तबकडी दोनदा वाचायची, दोन्ही वेळच्या फाईली संगणकाकडून जुळवून घ्यायच्या, बिटाचाही फरक नसेल तरच वहीत बरोबरची खूण. डीटीएसची सीडी साध्या प्लेअरवर लावली तर नुसता पाऊस पडल्यासारखा खरखराट येतो, म्हणून तिची फाईल कुठलाही फेरफार न करता जपायची आणि मग उलगडायची. शेवटी सगळे 'फ्लॅक' या प्रकारात ठेवले. काही न गाळणारा, कोणाच्या मालकीचा नसलेला आणि आठ चॅनलपर्यंत चालणारा हा प्रकार २००१ पासून सर्वांना खुला आहे. एसएसीडीच्या मूळ फाईली वेगळ्या राखल्या. पाऊण तासाचा एक अल्बम दोन-तीन जीबी होतो. दोन हार्ड डिस्क, एक मामाकडे आणि एक माझ्याकडे.

३४ पैकी ३३ निघाल्या. एक डीव्हीडी-ऑडिओ, पियानोची, गेली. आमच्या पावसाळ्याची बुरशी कडेने आत शिरली होती. पुसून पाहिली, तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर फिरवली, नाही निघाली. २०१९ सालीच हे काम केले असते तर कदाचित वाचली असती. वहीत शेऱ्याच्या रकान्यात 'नष्ट' असे लिहिताना मला फाईल हरवल्याचा शेरा मारताना वाटते त्यापेक्षा बरेच जास्त वाईट वाटले.

त्या दिवसांत मला राहून राहून केसरबाई आठवायच्या. फोंडा महालातल्या केरीच्या केसरबाई केरकर. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानांबरोबर सोनेरी मुलाम्याची तबकडी अंतराळात पाठवली, तिच्यात त्यांची भैरवीतली साडेतीन मिनिटांची चीज आहे, हे आपण गोवेकर अभिमानाने सांगतो. दोन गोष्टी मात्र आपण सांगत नाही. एक म्हणजे त्या निवडीच्या वेळी ती मूळ तबकडी बाजारात मिळत नव्हती. शोधाशोध करून न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या, म्हणून ती यानात गेली. दुसरी म्हणजे ती तबकडी नासाने एकटी पाठवली नाही. बरोबर सुई आणि कार्ट्रिज ठेवले, आणि ती किती वेगाने कशी फिरवायची ते वेष्टनावर चित्रांनी कोरले. तबकडी कोणाच्या हाती पडेल ते ठाऊक नाही, पण पडली तर त्याला ती वाजवता आली पाहिजे, एवढा विचार त्यांनी परग्रहावरच्या अनोळख्याचा केला. मामाने तर दुकानात जाऊन दिनार मोजून तबकड्या घेतल्या होत्या.

म्हणून माझे मत झाले ते असे. तबकडी विकत घेणारा प्लॅस्टिक विकत घेत नाही, गाणे ऐकण्याचा हक्क घेतो, आणि तो हक्क यंत्राच्या आयुष्याला बांधलेला नसावा. स्वतःच्या तबकडीचे गाणे स्वतःसाठी उतरवून घेणे ही जपणूक आहे. ती फाईल दहा जणांना वाटणे हे वेगळे काम आहे आणि दोघांत गल्लत करू नये. ही गल्लत कंपन्यांनी केली तशी आपणही करतो. काम झाल्याचे कळल्यावर मामाचा नातू पेन ड्राइव्ह घेऊन आला. "सगळे टाकून द्या ना काका, कोणाला कळणार आहे?" मी त्याच्यासमोर वही उघडली आणि प्रयोजनाचा रकाना दाखवला. तो फुरंगटून गेला. नंतर मामानेच त्याला हाक मारून खुर्चीवर बसवले. ऐकायचे तर इथे येऊन ऐक, म्हणाला.

आता तर २०२१ पासून ॲपलसारख्या कंपन्या सभोवारचे संगीत इंटरनेटवरून भाड्याने देतात. चांगली सोय आहे, मीही ऐकतो. पण त्यातली बरीच मिश्रणे नव्याने केलेली. मामाच्या डब्यातले २००१ चे मिश्रण तिथे असेलच असे नाही, आणि आज असले तरी उद्या ते काढून दुसरे ठेवायला तुमची-माझी परवानगी लागत नाही.

मे २०२४ मध्ये एका रविवारी सगळी जोडणी केली. छोट्या कंप्युटरातून सहा वायरी काढून त्याच जुन्या ॲम्प्लिफायरच्या पाठीला लावल्या. मामा खुर्चीवर बसला. पहिली लावली 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची डीव्हीडी-ऑडिओवरून उतरवलेली फाईल, त्याच्याच सांगण्यावरून. मामी दारात उभी राहिली. दोन-तीन मिनिटे तो काही बोलला नाही. मग डोळे न उघडताच हात मागे केला आणि म्हणाला, "मागचा डावा जरा कमी कर रे. पूर्वी एवढा नव्हता."

मी जुन्या प्लेअरच्या माहितीपुस्तिकेत पाहिले. त्यानेच २००६ साली पेन्सिलीने प्रत्येक स्पीकरचे आकडे लिहून ठेवले होते. मागचा डावा खरोखरच दोन घरे कमी होता. कमी केला. वहीत शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद घेतली आणि मामाची सही घेतली.